ऐझॉलचा जाब पक्षाला नव्हे, सरकारला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिझोरामची आजची राजधानी असलेल्या ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाने केलेल्या बॉम्बफेकीविषयीचा आपल्या दैनिकातला कालचा लेख वाचून राग आला. काँग्रेसने काय दडवले आणि भाजपने काय उकरून काढले, यातच सगळी जागा गेली. ज्यांची घरेदारे जळाली त्यांच्या वाट्याला एक वाक्य!

५ मार्च १९६६ रोजी विमाने आपली होती आणि गावही आपलेच होते. बंड वेगळे राष्ट्र मागणाऱ्या मिझो नॅशनल फ्रंटने केले होते, ऐझॉलमधल्या दावरपुई भागातल्या दुकानदारांनी नव्हे. सरकारने तेव्हा सांगितले, विमाने माणसे आणि रसद टाकायला गेली होती. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान लोकसभेत या विषयावर बोलले, तेही विरोधकांना उत्तर म्हणून. सरकार म्हणून जबाबदारी कोणी घेतली?

ऐंशीच्या दशकात मी नोकरीनिमित्त ऐझॉलला होतो. आमच्या घरमालकीणबाईंच्या पडवीत शिवणयंत्राचा जळका सांगाडा होता. चाक वाकलेले, फळी नाहीशी. बाईंच्या यजमानांचे शिंप्याचे दुकान त्या आगीत गेले. भरपाईच्या अर्जात बाईंनी ‘विमानातून पडलेल्या बॉम्बने’ असे लिहिले, तर कचेरीतल्या माणसाने अर्ज परत केला. नुसते ‘आगीत’ लिहा म्हणाला. बाईंनी तसे लिहायला साफ नकार दिला. पैसे मिळाले नाहीत ते नाहीतच.

बंडखोरांना गावांतून मदत मिळू नये म्हणून १९६७ पासून मिझो खेडी उठवून लोकांना रस्त्याकडेच्या वसाहतींत कोंबले, तेव्हाही हेच झाले. दारझो गावाची हकीकत विजेंद्रसिंह जाफा या सनदी अधिकाऱ्याने लिहून ठेवली आहे. घरे लष्कराने पेटवली आणि ‘आम्हीच जाळली’ अशा कागदावर गावच्या मुखियाची सही बंदुकीच्या धाकाने घेतली. असा कागद सरकारदप्तरी असल्यावर दाद मागायची कुठे? त्यात अफ्स्पाचे, म्हणजे अशांत भागांत लष्कराला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याचे, कलम ६ आहेच. केंद्राच्या परवानगीशिवाय जवानांवर खटलाच नाही.

संरक्षण आणि गृह खात्याने त्या काळातले आदेश व अहवाल खुले करावेत. आपल्या दैनिकाने ही मागणी अग्रलेखातून लावून धरावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आणि एक. नागालँडमधील ओटिंग येथे २०२१ मध्ये लष्कराने सामान्य नागरिकांवर केलेल्या गोळीबारावर मी पाठवलेल्या पत्रातून अफ्स्पाचा परिच्छेदच गाळला होता. या वेळी कृपया तसे करू नये.

— एक निवृत्त केंद्रीय कर्मचारी, सातारा