सायटेशन आणि रिचर्ड हेक

महोदय,

सायटेशनच्या, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांत दिलेल्या दाखल्यांच्या, आकड्यावर संशोधकाची पत ठरवण्याची चर्चा निघाली की मला रिचर्ड हेक आठवतात. सेंद्रिय-धातू रसायनातला हा अमेरिकन माणूस डेलावेअरमधल्या हर्क्युलिस या रासायनिक कंपनीत नोकरीला होता. १९६८ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे सलग सात शोधनिबंध आले, आणि सातही निबंधांवर नाव एकट्या हेक यांचे! (आज एका निबंधावर दहा नावे असली तरी कोणाला नवल वाटत नाही.) पॅलेडियम या धातूच्या मदतीने दोन कार्बन अणू जोडायचे, ही त्यांची युक्ती. सुरुवातीला त्यासाठी पाऱ्याची विषारी संयुगे लागत. १९७२ मध्ये त्यांनी तीही टाळली. जपानच्या मिझोरोकींनी तोच मार्ग १९७१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवला होता. मिझोरोकी १९८० मध्येच वारले.

हेक १९७१ मध्येच डेलावेअर विद्यापीठात गेले होते. पण अनुदान आटले आणि १९८९ मध्ये, साठीही गाठायच्या आत, ते निवृत्त झाले. त्यांची ही युक्ती, म्हणजे ‘हेक अभिक्रिया’, नेप्रोक्सेनसारख्या वेदनाशामकाच्या कारखान्यात पोहोचली, निबंधांतून तिचे दाखले सर्रास दिले जाऊ लागले. तेव्हा तिच्या जनकाकडे प्रयोगशाळाच नव्हती. २०१० चे नोबेल नेगिशी आणि सुझुकी यांच्यासोबत मिळाले, तेव्हा ते ७९ वर्षांचे होते आणि फिलिपिन्समध्ये राहत होते.

हा प्रयोग मी केला आहे. शेवटी चंबूच्या काचेवर पॅलेडियमचा काळा थर धरतो, घासून घासून हात दुखतात. १९८९ च्या अनुदान समितीला त्या थराची किंमत कोणत्या तक्त्यात दिसली असती?

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, पुणे