फॅक्स गेला, आता फोन तू कर

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

तुझ्या लसींचं कार्ड काल रात्री तुझ्या युनिव्हर्सिटीच्या दवाखान्याला फॅक्स केलं. एवढी पुढारलेली अमेरिका, आणि दवाखाने अजून फॅक्सच मागतात! पोवई नाक्यावरच्या फोन बूथमध्ये मीटरकडे डोळे लावून बोलणारा मी, काल जेवणाच्या टेबलावरून एक रुपया न देता फॅक्स पाठवला.

फॅक्सझीरो नावाची वेबसाइट वापरली. अमेरिका-कॅनडात फुकट जातो, पण एका फॅक्समध्ये तीनच पानं, वर एक कव्हर, आणि दिवसाला पाचच फॅक्स. आपली पानं पाच, म्हणून दोन खेपा केल्या. एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीच्या) दुसऱ्या डोसची तारीख डॉक्टरांनी निळ्या पेनाने लिहिलीय, ती स्कॅनमध्ये दिसेचना. खाली जाऊन गडद झेरॉक्स काढून आणली, तेव्हा कुठे वाचता आली.

घोळ केला तो मीच. आयएसडीची, म्हणजे परदेशी फोन लावायची सवय, नंबराआधी ००१ लावलं. तिथे नुसते दहा आकडे लागतात. ते सुधारून 'पाठवा' दाबलं आणि निवांत जेवलो. तासाभराने पाहतो तर मेल येऊन पडलेली. तिच्यातली लिंक दाबल्याशिवाय फॅक्स निघतच नाही. तुझी आई अजून हसतेय.

पासपोर्ट, बँकेचे कागद मात्र असे फुकटात पाठवू नकोस. लसींच्या तारखा चोरून कुणी काय करणार?

आता फोनचं. पूर्वी मी स्काइपवरून तिकडच्या टोल-फ्री नंबरांना फुकट फोन लावायचो. ते 5 मे 2025 ला बंद झालं. व्हॉट्सअॅपवरून दवाखान्याच्या लँडलाइनला फोन लागत नाही. तू गूगल व्हॉइस, म्हणजे गूगलची इंटरनेटवरून फोन लावायची सोय, घेऊन ठेव. त्याला अमेरिकेतला नंबर लागतो, तो तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही. दिवाळीत इथे आलीस की त्यावरूनच तुझ्या ऑफिसांना फोन करता येतील. आजीला मात्र व्हॉट्सअॅपवरच कर, भारतात लावायला गूगल व्हॉइसवर पैसे पडतात.

दवाखाना उघडला की विचार, दोन्ही खेपांची पाचही पानं आली का, आणि ती तारीख वाचता येते का. नसेल तर रात्री परत पाठवतो. कार्ड देवघराच्या ड्रॉवरमध्येच ठेवलंय.

तुझे
बाबा