परदेशी शाळेत रुळणारी मुले आणि पुण्याहून जाणारा रोजचा फोन

माननीय संपादक महोदय,

दहावी-अकरावीच्या वयात एक शैक्षणिक वर्ष परदेशातील शाळेत शिकण्यासाठी आणि तेथील एखाद्या कुटुंबात राहण्यासाठी पुण्यातून जाणाऱ्या मुलामुलींविषयी, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या पालकांविषयी, हे पत्र लिहीत आहे. माझी मुलगी असे एक वर्ष अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राहून आली आणि त्यानंतर आमच्या कोथरूडच्या घरी एक जर्मन विद्यार्थिनी राहिली. पाठवणे आणि सांभाळणे या दोन्ही बाजू पाहिल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे. पहिल्या तीन-चार महिन्यांत घरून रोज होणारा व्हिडिओ कॉल मुलाला आधार देण्याऐवजी त्याचे रुळणे लांबवतो.

या कार्यक्रमांची कल्पनाच मुळी कुटुंबाभोवती उभी आहे. युद्धकाळात रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांच्या ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ या संघटनेने १९४७ मध्ये शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली, ती परक्या देशातील मूल घरातलेच एक होऊन राहिले तर दोन समाज एकमेकांना ओळखू लागतील, या विश्वासाने. अमेरिकेच्या जे-१ व्हिसावर, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीच्या प्रवेश परवान्यावर, जाणाऱ्या शालेय विद्यार्थ्याला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याबद्दल मोबदला दिला जात नाही. म्हणजे ते कुटुंब भाडेकरू ठेवत नसते. आलेल्या मुलाने संध्याकाळी सर्वांबरोबर जेवावे, जेवणानंतर भांडी आवरण्यास हात लावावा, बाहेरच्या खोलीत बसून दिवसभराच्या गोष्टी सांगाव्यात, एवढीच त्यांची अपेक्षा असते.

आता वेळेचे गणित पाहावे. पुण्यात सकाळचे सात वाजतात तेव्हा हिवाळ्यात मिनेसोटात आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. आपल्याकडे चहा झाला, कामावर निघण्यापूर्वी थोडी सवड आहे, म्हणून आई-वडील फोन लावतात, आणि तेथे नेमकी हीच वेळ सगळे घर एकत्र बसण्याची असते. मुलगी फोन घेऊन आपल्या खोलीत जाते व दार लावून घेते. मग आजी येते, काकू येते, जेवलीस का, काय जेवलीस, थंडी किती आहे, अशी चौकशी तास-तासभर चालते. बाहेर बसलेल्या यजमान आईला मात्र एवढेच दिसते की ही मुलगी रोज संध्याकाळी आपल्यापासून दूर जाऊन दार बंद करते. तिचे काही बिनसले आहे का, आपले काही चुकले का, असे तिला वाटू लागते, आणि संकोचामुळे ती विचारतही नाही. कार्यक्रमाच्या समन्वयकांशी बोलताना मी असे गैरसमज एकाहून अधिक घरांतले ऐकले आहेत.

रुळणे हे लहानसहान गोष्टींतून होत असते. तासागणिक वर्ग बदलत धावणे, लॉकरचे कुलूप उघडण्याची सवय करणे, जेवणाच्या सुटीत थाळी हातात घेऊन कोणाच्या टेबलाशी बसावे हे ठरवणे, यांतली प्रत्येक गोष्ट सुरुवातीला जड जाते. त्यातही ते टेबल शोधणे सर्वांत अवघड, असे परत आलेली बहुतेक मुले सांगतात. त्यावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे शाळेच्या एखाद्या खेळात किंवा वाद्यवृंदात पहिल्याच आठवड्यात नाव घालणे, कारण रोजच्या सरावातून सोबती मिळतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तेथे दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, दिवाळीही त्याच्या आगेमागे येऊन जाते, आणि घरची आठवण अनावर होते. त्या दिवसांत मुलाला सावरणारे माणूस शेजारच्या खोलीत असावे लागते, आणि तो विश्वास आधीच्या महिन्यांतील संध्याकाळींनीच तयार झालेला असतो.

आमच्याकडे राहिलेल्या विद्यार्थिनीचे आई-वडील फक्त रविवारी फोन करीत. मला आरंभी ते कोरडेपणाचे वाटले. पण आठवडाभराच्या अडचणी ती माझ्यापाशी किंवा माझ्या सासूबाईंपाशी बोलू लागली, रिक्षाचे भाडे विचारायला शिकली, गणपतीत मोदकांच्या कळ्या पाडायला बसली. हा तिच्या पालकांनी आमच्यावर टाकलेला विश्वास होता, हे मला नंतर उमगले.

पालकांची काळजी मी समजू शकते. सोळा वर्षांचे मूल इतक्या दूर असताना फोन न करणे सोपे नाही. परंतु जे-१ कार्यक्रमाच्या नियमांनुसार आयोजक संस्थेच्या स्थानिक प्रतिनिधीने दरमहा विद्यार्थ्याशी आणि यजमान कुटुंबाशी संपर्क ठेवणे बंधनकारक आहे. मुलावर खरेच काही ओढवले असेल, किंवा घरात त्याला असुरक्षित वाटत असेल, तर त्याने कोणत्याही वेळी फोन करावा आणि पालकांनी तो तत्काळ घ्यावा, यात दुमत नाही. माझा आग्रह केवळ सवयीने होणाऱ्या फोनपुरता आहे.

पुण्यात हे कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की, जाणाऱ्या मुलांसाठी जशी तयारीची शिबिरे होतात, तसे किमान एक दिवसाचे शिबिर पालकांसाठी आणि शक्य असल्यास आजी-आजोबांसाठीही घ्यावे. परतलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना तेथे बोलते करावे, आणि फोनचा वार व वेळ यजमान कुटुंबाशी बोलून मुले निघण्यापूर्वीच ठरवून द्यावी. ऑगस्टमध्ये मुले रवाना होतात. त्यामुळे मे-जूनच्या सुटीत हे करता येईल.

आपली विश्वासू,
एक पालक, कोथरूड, पुणे