दिग्यास, मनूच्या ऑडिशननंतर

एडिसन, न्यू जर्सी
२५ जानेवारी

प्रिय दिग्या,

गणपतीत तुझा मेसेज आला होता, ‘आहेस का गेलास?’ त्याला मी नुसता अंगठा पाठवला आणि आज लिहितोय. शिव्या घाल, पण सगळं वाचून मग घाल. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तीही ठीक.

काल मनूला घेऊन न्यूयॉर्कला गेलो होतो, कॉलेजच्या ऑडिशनला. पोरगी नाटकाच्या कॉलेजात जाणार म्हणते, हे आईने तुला फोनवर सांगितलंच असेल. म्युझिकल थिएटर, बीएफए म्हणजे कलेतली पदवी, चार वर्षांचा कोर्स. गाणं, अभिनय, नाच, तिन्ही एकदम, आणि ब्रॉडवेवर करतात तसे आठवड्याला आठ प्रयोग झेपतील इतक्या तयारीचं. आई त्याला सरळ ‘संगीत नाटक’ म्हणते आणि तिची काहीच हरकत नाही.

इथली पद्धत ऐक. आधी प्रीस्क्रीन. म्हणजे घरी व्हिडिओ करून पाठवायचे: दोन गाणी, एक जुन्या वळणाचं, एक अलीकडचं, एक-दोन स्वगतं, नाचाचा तुकडा, आणि ‘वाइल्ड कार्ड’ म्हणून मिनिटभर काहीही. आम्ही हॉलमधला सोफा स्वयंपाकघरात ढकलला, भिंतीला निळी चादर लावली आणि मनूने एकच स्वगत ३१ वेळा केलं. सत्ताविसावं सगळ्यात छान झालं होतं, त्यातच शेजारचा कुत्रा भुंकला. १४ कॉलेजांना पाठवलं, डिसेंबर संपेपर्यंत ६ जणांनी पुढच्या फेरीला बोलावलं. ती फेरी समोरासमोर. जानेवारी-फेब्रुवारीत देशभरातली कॉलेजं न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिसला येऊन बसतात, त्याला युनिफाइड्स म्हणतात. एकाच ठिकाणी ओळीने खोल्या, खोलीखोलीत एकेक कॉलेज. पोरं या दारातून बाहेर पडतात आणि त्या दारापुढे जाऊन उभी राहतात. वर्गात जागा कुठे दहा-बारा, कुठे वीस. आणि मार्क बघून कॉलेजने घेतलं, पण नाटकवाल्यांनी नाही म्हटलं, असंही होतं.

कार्नेगी मेलनमध्ये नाटकाचा पदवी अभ्यासक्रम १९१४ पासून आहे, सिनसिनाटीत म्युझिकल थिएटरचा वेगळा कोर्स १९६८ पासून आहे, हे मनूने सांगितलं तेव्हा मला अमृततुल्यातल्या टेबलावर आपटलेली तुझी मूठ आठवली. ‘नट व्हायला शाळा कशाला लागते!’ आणि दोन वर्षांत स्वतः नाटक शिकायला ललित कला केंद्रात नाव घातलंस. त्यावर आपलं भांडण व्हायचं राहिलंय, लक्षात ठेव.

गाणं पुरं ऐकत नाहीत. १६ बार, फार तर ३२. चार-चार मात्रांचे १६ बार म्हणजे ६४ मात्रा, आपल्या तीनतालाची चार आवर्तनं. तेवढ्यात माणूस ओळखायचा. तुझी तर चार आवर्तनं घसा खाकरण्यातच जातील.

तिची फाइल मी लावली. पानावर दिव्याची चकाकी येऊ नये म्हणून मंद प्लॅस्टिकची पाकिटं, कागद पाठपोट म्हणजे पानं कमी उलटावी लागतात, कुठे उचलायचं आणि कुठे तोडायचं तिथे पेन्सिलीने ठसठशीत कंस. पियानो वाजवणारा तिथेच पहिल्यांदा भेटणार, तालीम वगैरे काही नाही. त्याच्यापुढे फाइल ठेवायची, हलक्या आवाजात एक ओळ गुणगुणून लय द्यायची. चुटक्या वाजवायच्या नाहीत, तो उर्मटपणा समजतात. मनू लय मांडीवर दोन बोटांनी धरते. ते आईचं आहे. आईने तिला झोपवताना नाट्यपदं शिकवली ती बोटांसकट. इथल्या गाण्याच्या बाईंनी दोन वर्षं घालवून तिच्या गळ्यातल्या मुरक्या काढल्या, छातीतून सरळ सूर फेकायला शिकवला, आणि यंदा त्याच म्हणाल्या, वाइल्ड कार्डला तुझ्या आजीचं ते गा. आई तीन दिवस हे सगळ्यांना फोन करून सांगत होती.

काल आठव्या अॅव्हेन्यूवर, पेन स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या सोळाव्या मजल्यावर होतो. बाहेर कान बधिर करणारी थंडी. आत बोळात ही गर्दी, सगळी सतरा-अठरा वर्षांची पोरं. कोणी भिंतीकडे तोंड करून ओठ फुरफुरवतंय, कोणी वाफेचं यंत्र तोंडाला लावलंय, कोणी पायात टाचेचे नाचाचे बूट चढवतंय. भरत नाट्य मंदिराच्या विंगेमागे आपण असेच उभे असायचो, पण तिथे बावीस जण एकमेकांचे घाम पुसत होतो. इथे जो तो एकटा, आणि शेजारी कॉफी धरून आई नाहीतर बाप.

मनू आत गेली. दार पातळ होतं, मी समोरच जमिनीवर बसलो. पियानो सुरू झाला आणि दोन मात्रांत मला कळलं, लय पळतेय. तिने ओळ धरली, पण श्वास पुरेना. दुसऱ्या ओळीला ती थांबली. माझ्या पोटात गोळा आला रे. मग तिचा आवाज आला, अगदी स्वच्छ: माफ करा, लय मीच चुकीची दिली, परत घेऊ का? आणि परत घेतलं. या वेळी गाणं असं उभं राहिलं की माझ्या बाजूला बसलेल्या बाईंनी फोनवरून मान वर केली. त्यानंतर स्वगत. मग आतून कोणीतरी काहीतरी सांगितलं आणि सगळं शांत झालं. नंतर कळलं की तेच स्वगत शेजारी बाळ झोपलंय असं समजून कर, असं त्यांनी सांगितलं होतं. मला काहीच ऐकू येईना. दारापलीकडे पोरगी काहीतरी करत होती आणि माझ्यापर्यंत त्यातला एक शब्द पोचत नव्हता.

त्या शांततेत माझ्या मनात आलं, हिला नाही म्हणू देत. सहाच्या सहा जणांनी नाही म्हणू देत.

हे मी घरात कोणाला बोललेलो नाही. तुला कारणं सांगतो. खासगी कॉलेजात राहण्या-खाण्यासकट वर्षाला ८०-९० हजार डॉलर जातात. त्याचं मी बघेन, मॉन्टक्लेअर स्टेट घराजवळ आहे, तिथे राज्यातल्या मुलांना फी कमी आहे, तिथेही तिचं बोलावणं आहे. पण पुढे? इथे आरोग्य विमा नोकरीला बांधलेला. नटांच्या युनियनचा विमा आहे, पण वर्षात ठरावीक आठवडे काम मिळालं तरच. एरवी हॉटेलात टेबलं पुसायची आणि सकाळी सहाला थंडीत रांगेत उभं राहायचं. दिल्लीच्या नाट्यविद्यालयाच्या शेवटच्या फेरीतून परतलास तेव्हा माझ्या खोलीवर येऊन चार दिवस भिंतीकडे तोंड करून झोपला होतास, ते मी पाहिलंय. मनूला तसं झोपलेलं मला बघवणार नाही.

हे सगळं खरं आहे. पण त्या बोळात मला अण्णा आठवले, आणि ते तुला सांगितल्याशिवाय आता चालणार नाही.

१९९४. आपल्या नाट्यस्पर्धेची अंतिम फेरी आठ दिवसांवर होती. मी तुझ्याकडे येऊन सांगितलं की अमेरिकेला जायच्या जीआरई परीक्षेसाठी अण्णा माझ्या मागे लागलेत, नाटक बंद करायला लावलंय. तू अण्णांना काय काय बोललास. ऐन वेळी त्या लाइटवाल्या पोराला उभं केलंस. दोन वर्षं आमच्या घराची पायरी चढला नाहीस, आणि अण्णा गेले तेव्हाही दारातच थांबलास. दिग्या, अण्णा मला नाही म्हणालेच नव्हते. मीच पुस्तकं घेऊन त्यांच्यापुढे गेलो आणि विचारलं, नाटक सोडू का? त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘तुमची फायनल कधी आहे?’ मी म्हटलं, परीक्षेच्याच दिवशी. ते खोटं होतं. तेव्हा ते म्हणाले, ‘मग तुझं तू ठरव.’ आणि मी तुझ्याकडे येऊन त्यांचं नाव पुढे केलं. प्राथमिक फेरीत माझ्या एंट्रीला टाळी पडली होती ना, त्या रात्रीपासून मला झोप नव्हती. पुन्हा तसं नाही जमलं तर, एवढंच डोक्यात. कोणीतरी थांबवायला हवं होतं, आणि कोणी थांबवेना.

काल मी पोरीसाठी तोच कोणीतरी शोधत होतो. अण्णांना तू ३१ वर्षं दोष देतोयस आणि मी देऊ दिला. आता त्यांच्या फोटोकडे बघून दोन शब्द बरे बोल. माझ्याशी बोलायचं नसेल तर ते मी समजेन, पण अण्णांशी बोल.

तुझं काय चाललंय? पुनर्विकासवाल्याने भाडं द्यायला सुरुवात केली का? चिरंजीवांची दहावी आली ना? वहिनींना सांग, मेतकूट संपलं. नव्या नाटकाचे प्रयोग लागले की जाहिरातीचा फोटो पाठव, नुसतं ‘लागलंय’ म्हणू नकोस.

परत येताना गाडीत मनू म्हणाली, ‘बाबा, तू नाटक का सोडलंस?’ अण्णांचं नाव जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, घाबरलो. तिने माझ्याकडे बघितलं, पाठीवर हात ठेवला आणि थोड्या वेळाने म्हणाली, त्यातलं काहीतरी म्हणून दाखव. मला सगळं दिसतंय. हातातला कंदील, डाव्या विंगेतून तू टॉर्चने केलेली खूण, तिसऱ्या पायरीवर थांबायचं. पण पहिलं वाक्य आठवत नाही. मेट्रोपार्क स्टेशन येईपर्यंत आठवत बसलो.

तुझ्याकडे संहितेची ती निळी वही अजून असेल. शुक्रवारी सकाळी आम्ही शिकागोला निघतोय, पुढच्या चार ऑडिशन तिथे आहेत. त्याआधी तेवढं वाक्य मला कळव. मनूने कालपासून दोनदा विचारलंय.

तुझा,
अव्या