पाठीवरचा नंबर

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

तू तिकडे जोडीनं करायचा बॉलरूम नाच शिकतोस हे ऐकलं आणि रविवारी फोन मीच आपटला. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतं बोलते. "पीएफमधून पैसे काढले ते नाचायला का?" असं मी बोलायला नको होतं. पीएफचं तर मुळीच नको.

पण तू म्हणालास ते डोक्यातून जात नाही. "बाबा, तिथं बोलावं लागत नाही. हात कुठे, पाऊल कुठलं, सगळं ठरलेलं असतं. आठवड्यात तेवढाच कुणाचा तरी हात हातात येतो." शेफील्डला तुझं कुणीच नाही का रे? तो हैदराबादचा रूममेट, तो तरी बोलतो ना?

भुसावळला नाताळात आम्ही पोरं रेल्वे इन्स्टिट्यूटच्या खिडकीला लोंबकळायचो. आत लाकडी जमिनीवर पावडर भुरभुरलेली. शेजारचे अँग्लो-इंडियन अंकल शेडमध्ये फिटर, नखांतलं ग्रीस कधी गेलं नाही. पण त्या रात्री आंटीच्या पाठीवर हात असा ठेवायचे, जणू फ्रॉकला डाग पडेल. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, सगळ्या जोड्या एकाच दिशेनं, आपल्या प्रदक्षिणेच्या उलट. आजोबांनी मला कान धरून खाली ओढलं होतं. रविवारी मीही तेच केलं.

तुझी स्पर्धा झाली त्या ब्लॅकपूलचं वाचून काढलं. तिथला नाचाचा हॉल, एम्प्रेस बॉलरूम, १८९६ चा, १९२० पासून तिथं नृत्यमहोत्सव भरतो. गॅदरिंगला विंगेतच रडत बसलेलं आमचं पोरगं पाठीवर नंबर लावून त्या जमिनीवर नाचून आलं! ऑफिसात चौघांना सांगितलं. वॉल्ट्झच्या पहिल्याच फेरीत बाद झालास, तेवढं गाळलं.

आता अभ्यासाचं. प्रबंध सप्टेंबरात द्यायचाय, रोजची दोन पानं ठरवून घे, रात्री जागू नकोस, आणि माणसानं आधी... जाऊ दे. भाषण झालं, माफ कर. जेवायला कुणी सोबत असतं का, एवढंच कळव.

तू आठवीत गेल्यापासून तुला जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. विमानतळावरसुद्धा खांद्यावर थोपटलं आणि बॅगेचं वजन विचारलं.

नाचाच्या बुटांच्या स्वीड चामड्याच्या तळव्यांना तारेचा ब्रश लागतो म्हणालास. आजोबांच्या पेटीत एक आहे, पण तो गंज खरवडायचा, तुझे बूट फाडेल. तिथंच नवा घे, पैसे टाकतो.

त्या हैदराबादच्या मुलाचं नाव काय म्हणालास?

तुझा,
बाबा