स्थानिक मजुरांची भरती पावसाळ्यातच करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी रस्ते-पुलांच्या कामांवर बीड जिल्ह्यातला मजूर फारसा दिसत नाही, याचे मोठे कारण कॅलेंडरात आहे. कार्यारंभ आदेश कधीही निघो, काम जोर धरते ते पाऊस उघडल्यावर. तोवर दसरा उलटतो आणि धडधाकट जोडपी मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागलेली असतात. मग पेटी कंत्राटदार (मुख्य कंत्राटदाराकडून तुकड्याने काम घेणारा) परराज्यातली टोळी आणतो. ती साइटवरच राहते, सणावाराला कामात खंड पडत नाही, म्हणून त्याला तीच परवडते. त्या मजुरांचा यात काय दोष?

राज्याचे ८० टक्के स्थानिकांचे धोरण आहे, पण ते उद्योगांसाठी. शिवाय त्यात १५ वर्षे महाराष्ट्रात राहिलेला कोणीही स्थानिक ठरतो. रस्त्याच्या निविदेत स्थानिक म्हणजे कोणत्या तालुक्यातला हे लिहायला हवे आणि स्थानिकांची मोजणी माणसांच्या यादीवर नव्हे, मनुष्यदिवसांवर (कोणी किती दिवस काम केले यावर) हवी. तीही अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी वेगवेगळी. नाहीतर वॉचमन, स्वयंपाकी, टँकरवाला यांची आधार कार्डे जोडून टक्केवारी पुरी होते आणि सळईकाम, सेंटरिंग (काँक्रीटचा साचा उभारणे) बाहेरच्यांकडेच राहते.

बायकांचे तर आणखी अवघड. आरएमसी (तयार काँक्रीट) आणि ते चढवणारे पंप आल्यापासून घमेली वाहण्याचे काम आटले. उरले पाणी मारणे आणि झाडलोट. वास्तविक सळईकामात शिरायला चांगली वाट आहे. १८ गेजच्या तारेने जाळी बांधणे, सळई साच्यापासून अंतरावर ठेवणारे कव्हर ब्लॉक बसवणे, उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगेचा हूक १३५ अंशांत वळवणे हे चांगल्या फिटरच्या हाताखाली शिकता येते. हूक ९० अंशांवरच सोडला तर जोराचा भार आल्यावर रिंग उघडू शकते, हे एकदा दाखवले की हात बसतो. जुलै ते सप्टेंबर ही जोडपी गावातच असतात. प्रशिक्षण तेव्हा द्यावे, नेमणूकपत्र आणि थोडी आगाऊ रक्कमही तेव्हाच हातात पडावी. उचलीशी स्पर्धा आहे, नुसत्या आवाहनाने कोणी थांबणार नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. इथे मात्र दोघांची हजेरी आणि बँक खाते वेगळे हवे. बायकांबरोबर लेकरे येणार, तेव्हा पाळणाघराचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा.

शेवटचा मुद्दा नोंदणीचा. कामाच्या बिलातून १ टक्का कामगार उपकर कापला जातो. तो ज्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाला जातो, त्याच्या नोंदणीसाठी मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. मजूर तीन पेटीवाल्यांकडे तीस-तीस दिवस राबला तर दाखल्यावर सही करायला कोणीच पुढे येत नाही. प्रत्येक चालू बिलासोबत (काम सुरू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या बिलासोबत) हजेरीपटाचा उतारा मागवून त्यावर शाखा अभियंत्याने प्रतिस्वाक्षरी करावी आणि मजुराला त्याची प्रत द्यावी. उतारा नसेल तर बिल लेखा शाखेकडे जाऊच नये.

– बांधकाम क्षेत्रातील काही वाचक, बीड