गणपतीला येत नाहीये

ती. आई-बाबांना सा. न.

परवा फोनवर "तिकिटं फार महागलीत" म्हणाले, ते अर्धंच खरं होतं. दिवाळीचं तिकीट काढून टाकलंय, चांगलं तीन आठवड्यांचं. खरं कारण तोंडाने सांगवेना, कारण आई म्हणाली असती, "कोळ्यासाठी?"

हो गं, कोळ्यासाठी.

मी रविवारी जाते ती इथली, इंग्लंडातली दलदल, रेडग्रेव्ह आणि लोफम. तिथे एका डबक्याच्या कडेला मला फेन राफ्ट स्पायडरची मादी दिसली. पाय पसरले की जवळजवळ आईच्या तळहाताएवढी. चॉकलेटी अंग आणि दोन्ही बाजूंना दुधी पट्टा, इरकलीच्या काठासारखा. पुढचे पाय पाण्यावर नुसते टेकवलेले. पाणी थरथरलं की तिला सावज कळतं, घाबरली तर सरळ बुडी मारते. ब्रिटनमध्ये हा कोळी पहिल्यांदा सापडला तो याच दलदलीत, 1956 साली, कोळ्यांचे अभ्यासक एरिक डफींना. पुढे शेजारच्या बोअरने इतकं पाणी ओढलं की दलदल सुकत चालली. 1999 साली ती बोअर हलवली.

बाई अंड्यांची पिशवी तोंडात धरून फिरते, आणि पिल्लं निघायच्या वेळी पाण्यावरच्या पात्यांत तंबूसारखं जाळं विणून राखण करत बसते. ही जाळी इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या गणपतीच्या सुमारास मोजतात. हात लावायचा नाही, त्याला सरकारी परवाना लागतो. चार डबकी माझ्याकडे आहेत. माझ्याऐवजी दुसरं कुणी मोजेल, नाही असं नाही. पण मला मोजायचीत. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी मी नसणार, हे लिहितानाच घशाशी येतंय.

म्हणून दादाशी बोलून ठेवलंय. तो चार दिवस आधी मिरजेत येईल. डबा शेजारच्या काकूंकडून, कमी तिखटाचा. काळा चष्मा दादाच आणेल, आणि बाबांच्या आरामखुर्चीची पट्टी मी पुण्याहून मागवली आहे. माझी काळजी नको. खोलीत हीटर आहे, मेतकूट अजून पाऊण बाटली आहे.

बाबा, न्हाणीघरात कोळी निघाला की मी किंचाळायचे, आणि तुम्ही स्टीलचा पेला उपडा घालून खालून पोस्टकार्ड सरकवायचात. मग आपण दोघं मागच्या गुलबक्षीपाशी. "जा बाबा, संसार कर," म्हणायचात त्याला. त्या दिवशी डबक्याशी उकिडवी बसले होते तर तेच तोंडात आलं, मोठ्याने. शेजारचे आजोबा बघतच राहिले.

आता ऐका. डोळ्यात थेंब घड्याळ लावून घालायचे, अंदाजाने नाही. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. वाकून मूर्ती उचलायची नाही, आरती बसून केली तरी गणपती रागवत नाही. आणि आई, स्टुलावर चढून जळमटं काढणं बंद. गुडघा आठव. "गणपतीला घर झाडायला नको?" हे मला नको सांगूस. रागावून नाही म्हणत गं, पण इथे रात्री दोनला फोन वाजला की माझे हातपाय गार पडतात.

माजघरातल्या कोपऱ्यातलं जाळं तर राहूच दे. दिवाळीत आले की मी काढेन, आधी आत कोण आहे ते बघून. बाबा, तो पेला अजून आहे ना?

तुमची,
मनू